निशात बागेतील एक पाठ



सामान्य विज्ञान व भूगोल शिकविताना ‘पाणी उताराकडे वाहते’ आणि ‘पाणी आपली पातळी शोधते’ ही दोन वाक्ये आपण दरवर्षी विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतो. परीक्षेत ती बहुधा बिनचूक लिहिली जातात. परंतु लिहिणाऱ्याला त्यांचा अर्थ कळला आहे काय, हा प्रश्न निराळा आहे. शिकविणाऱ्याला तरी तो कळला आहे काय, हा त्याहूनही निराळा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला नोकरीच्या उत्तरार्धात, आपल्या जिल्ह्यापासून फार दूर, काश्मीरमधील एका बागेत मिळाले. तो अनुभव व त्यावर आधारलेला पाठ येथे देत आहे.

१. एक जुने ऋण

प्रारंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. सन १९९८ मध्ये मी कोकणातील एका खेड्यात सातवीचा वर्ग घेत होतो. पुस्तकात कारंज्याचे चित्र होते. मी नियम सांगितला व फळ्यावर लिहिला. तेव्हा मागे बसलेला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी डोंगरउतारावर भाताची खाचरे होती. त्याने विचारले, “गुरुजी, वरच्या खाचरातले पाणी बांध फोडला की खालच्या खाचरात जाते. ते कधी वर जात नाही. मग कारंज्यातले पाणी वर कसे जाते?”

प्रश्न उत्तम होता. परंतु तपासणीचा दिवस जवळ आला होता, अभ्यासक्रम मागे पडला होता, आणि खरे सांगावयाचे तर त्याचे उत्तर मला नीट येत नव्हते. मी म्हणालो, “पुस्तकात आहे तेवढे लिही. शहाणपणा नको.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. शाळा सोडण्याचे कारण घरची गरिबी हे होते, माझे वाक्य नव्हे. तथापि त्याचे प्रश्न विचारणे थांबले ते माझ्या वाक्याने, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

२. बागेचा परिचय

सन २०१३ च्या मे महिन्यात, उन्हाळी सुट्टीत, आम्ही काही शिक्षक मिळून काश्मीरला गेलो होतो. श्रीनगर येथील दल सरोवराच्या पूर्व काठावर, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी निशात बाग आहे. ही बाग सन १६३३ मध्ये आसफखान याने उभारली. आसफखान हा नूरजहानचा भाऊ व मुमताजमहलचा पिता, म्हणजे बादशहा शहाजहानचा सासरा होय. जवळच असलेली शालिमार बाग जहांगीर बादशहाने सन १६१९ मध्ये करविली. शालिमार ही बादशहाची बाग आणि निशात ही सरदाराची. तरी विस्ताराने निशात मोठी आहे. तिची लांबी सुमारे ५४८ मीटर व रुंदी सुमारे ३३८ मीटर आहे. हे क्षेत्र जवळजवळ ४६ एकर भरते.

बाग सपाटीवर नाही. सरोवराच्या काठापासून डोंगराकडे ती पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. मूळ रचनेत बारा राशींवरून बारा टप्पे केलेले होते. पूर्वी लोक नावेतून येऊन थेट बागेच्या पायथ्याशी उतरत. पुढे सरोवराकाठी रस्ता झाला तेव्हा तळाकडील भाग बागेपासून तुटला. सर्वांत वरचा टप्पा जनान्यासाठी राखलेला होता. त्याच्यापुढे कमानींची उंच भिंत असून भिंतीच्या दोन्ही टोकांना अष्टकोनी मनोरे आहेत.

बागेच्या मध्यातून वरपासून खालपर्यंत एक सरळ दगडी पाट वाहतो. प्रत्येक टप्प्याच्या कडेला हे पाणी उतरत्या दगडी फरशीवरून खाली पडते. या फरशीला ‘चादर’ म्हणतात. तिच्यावर नक्षीचे उंचसखल खवले कोरलेले असतात. गुळगुळीत दगडावरून पाणी काचेसारखे निमूट उतरले असते. या खवल्यांमुळे ते उसळते, त्यात हवा मिसळते व ते शुभ्र दिसते. काही ठिकाणी धबधब्याच्या माथ्यावर, पाटावर आडवी अशी दगडी आसने ठेवलेली आहेत. त्यांवर बसले असता पायांखालून पाणी जाते व समोर सरोवर पसरलेले दिसते. पाटात ठिकठिकाणी कारंजी आहेत. मुघलांच्या काळी पाणी उपसून दाबाने सोडणारी विजेची यंत्रे नव्हती, हे येथे लक्षात ठेवावे.

३. अनोळखी माणसाची भेट

बागेत पोहोचलो तेव्हा माझा गुडघा दुखू लागला होता. टप्पे चढण्याचे धैर्य होईना. सोबत्यांना पुढे जाण्यास सांगून मी एका प्रचंड चिनाराखाली बसलो. थोड्या वेळाने शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारपूस केली. अंगात सैल फेरन, हातात काठी, पांढरी दाढी. अशाच बागांतून पाट साफ ठेवण्याचे व पाणी सोडण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले होते व आता ते निवृत्त झाले होते. आमचे संभाषण हिंदुस्थानीत झाले; त्याचा आशय मराठीत देतो.

“वर जाणार नाही का?” त्यांनी विचारले.

“गुडघा साथ देत नाही, बाबा. येथूनही छान दिसते.”

“येथून पाणी येताना दिसते. कोठून येते ते दिसत नाही. आपण काय काम करता?”

मी शिक्षक आहे असे सांगताच ते उठले, आपली काठी त्यांनी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “मग तर चलाच, मास्टरसाहेब. कडेची वाट सोपी आहे. प्रत्येक टप्प्यावर बसू. मला घाई नाही.”

त्यांनी तसेच केले. वयाने ते माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठे असतील. पण काठी माझ्याकडे होती आणि ते माझ्या चालीने चालत होते. पहिल्या टप्प्यावर त्यांनी चिनाराचे एक वाळके पान उचलून पाटात टाकले. “हे कोठे जाईल?” मी सरोवराकडे बोट दाखविले. पान सरळ तिकडे गेले. पुढच्या टप्प्यावर ते एका कारंज्यापाशी थांबले.

“पान खाली गेले. मग हे पाणी वर उडते, त्याला कोण ढकलते?”

मी म्हणालो, “दाब.”

“बरोबर. दाब कोठून आला?”

मी गप्प झालो. पंधरा वर्षांपूर्वीचा वर्ग माझ्यापुढे उभा राहिला. तोच प्रश्न होता. फक्त या वेळी खाली मान घालून बसलेला विद्यार्थी मी होतो. परंतु ते वृद्ध गृहस्थ हसले नाहीत, आणि त्यांनी उत्तरही सांगितले नाही. “चला, वर जाऊन पाहू,” एवढेच म्हणाले.

आणखी दोन टप्पे चढून गेल्यावर त्यांनी मला कठड्यापाशी उभे केले व काठी आडवी धरण्यास सांगितले. “काठीच्या टोकाने ते खालचे कारंजे दाखवा. आता आपल्या पायाशी असलेले पाणी पाहा. कोणते उंच?”

“पायाशी असलेले.”

“जुन्या कारागिरांनी कारंज्यासाठी पाणी खालच्या पाटातून घेतलेले नाही. ते वरून घेतले आणि जमिनीखालच्या भाजक्या मातीच्या नळांतून खाली नेले. नळात कोंडलेले पाणी जेथून उतरले तेथवर पुन्हा चढू पाहते. ते चढते, पण वाटेत थकते. म्हणून येथपर्यंत पोहोचत नाही.”

‘वाटेत थकते’ या दोन शब्दांत नळातील घर्षण व हवेचा विरोध हे दोन्ही आले होते. मी इतकी वर्षे शिकवीत असलेला नियम मला त्या कठड्यापाशी प्रथम दिसला.

वरच्या टप्प्यावर त्यांनी एक जुनी कथा सांगितली. शहाजहानला ही बाग इतकी आवडली की आपल्या सासऱ्यापुढे त्याने तिची तीनदा स्तुती केली. सासरा ती आपणास देऊ करील अशी त्याची अपेक्षा होती. आसफखान गप्प राहिला. दोन्ही बागांना पाणी एकाच ठिकाणाहून येत होते. रुष्ट झालेल्या बादशहाने निशातचे पाणी तोडविले आणि बाग सुकू लागली. आसफखान उदास होऊन झाडाखाली पडून राहिला असता एका सेवकाला ते पाहवले नाही. त्याने जिवावर उदार होऊन पाण्याचा मार्ग मोकळा केला. अपराध उघडकीस आला. पण बादशहाने त्याला शिक्षा केली नाही, उलट निशातला पाणी घेण्याचा हक्क दिला.

“त्या नोकराचे नाव काय होते?” मी विचारले.

“कथेत ते येत नाही,” ते म्हणाले. “पाणी मात्र आले.”

तेथे चिनाराच्या सावलीत त्यांनी आपल्या पिशवीतून चहाची बाटली काढली व मीठ घातलेला गुलाबी काश्मिरी चहा मला दिला. निरोपाच्या वेळी मी खिशात हात घातला, तेव्हा त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला. काठी परत देऊ लागलो, तीही घेईनात. “उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो. दारावरच्या चौकीदारापाशी ठेवा. मी उद्या घेईन.” मी कोण, कोठला, याची त्यांनी अधिक चौकशी केली नव्हती. काठी मी सांगितल्याप्रमाणे चौकीदाराच्या स्वाधीन केली. त्यांचे नाव विचारावयाचे राहून गेले, हे गाडीत बसल्यावर ध्यानात आले.

४. ऋणाची फेड

जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर मी त्या जुन्या विद्यार्थ्याचा शोध घेतला. फार शोधावे लागले नाही. तो गवंडी झाला होता व शेजारच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत फरशी बसविण्याचे काम करीत होता. त्याच्या हातात पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी होती. तिच्या दोन टोकांवरून तो समोरासमोरच्या भिंतींवर सारख्या उंचीच्या खुणा करीत होता.

मी त्याला म्हणालो, “कारंज्यातले पाणी वर कसे जाते, असे तू मला एकदा विचारले होतेस. त्याचे उत्तर देण्यास आलो आहे.”

त्याने नळी खाली ठेवली. “आठवते, गुरुजी.” मग किंचित हसून म्हणाला, “या नळीने ते मला केव्हाच शिकविले. पहिल्याच दिवशी मी एक टोक खाली धरले आणि सगळे पाणी माझ्या तोंडावर उडाले.”

मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला व दुसरेच काही बोलू लागला. पुढच्या शनिवारी मात्र तो नळी घेऊन शाळेत आला. त्या दिवशी पाठ त्याने घेतला आणि मी मागे भिंतीपाशी उभा राहिलो. खाली दिलेली पाठाची आखणी त्या दिवसाच्या अनुभवावरून तयार केली आहे.

५. पाठाची आखणी (इयत्ता ५ वी ते ७ वी)

साहित्य : सुमारे तीन मीटर लांबीची पारदर्शक नळी, नरसाळे, एक बादली पाणी, रिकामी रिफिल किंवा लहान तोंडाची टोपी, मोजपट्टी, ओली माती, कौलाचा तुकडा.

कृती पहिली : नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी धरून तीत पाणी भरावे. बुडबुडे राहू देऊ नयेत. एक टोक वरखाली करून दोन्ही टोकांतील पाण्याची उंची विद्यार्थ्यांना मोजावयास लावावी. नियम आपण सांगू नये; तो त्यांच्या तोंडून येऊ द्यावा.

कृती दुसरी : नळीच्या एका टोकास नरसाळे व दुसऱ्यास लहान तोंडाची टोपी घट्ट बसवावी. नरसाळे उंच धरून त्यात पाणी ओतीत राहावे व दुसरे टोक जमिनीजवळ वर तोंड करून धरावे. कारंजे उडेल. नरसाळे अर्धा मीटर, एक मीटर व दीड मीटर उंचीवर धरून प्रत्येक वेळी कारंज्याची उंची मोजावी व फळ्यावर कोष्टक करावे. कारंजे नरसाळ्यातील पाण्याच्या पातळीपर्यंत कधीच पोहोचत नाही, हे मुलांच्या लक्षात येईल. येथे ‘ते का थकते?’ असा प्रश्न विचारावा व उत्तरासाठी वेळ द्यावा.

कृती तिसरी : अंगणात मातीचा उतार करून त्यात तीन टप्पे पाडावे, मधोमध पाट काढावा. एका टप्प्याच्या कडेला कौलाचा गुळगुळीत तुकडा व दुसऱ्या टप्प्याच्या कडेला खडबडीत दगड तिरपा बसवावा. दोहोंवरून पडणाऱ्या पाण्यातील फरक विद्यार्थ्यांनी वहीत लिहावा.

क्षेत्रभेट : ज्या गावी उतारावरची भातखाचरे आहेत तेथे पावसाळ्याच्या आरंभी वर्ग बांधावर न्यावा. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी कसे सोडतात ते शेतकऱ्याकडूनच समजून घ्यावे. आपल्या शेतकऱ्याची खाचरे आणि आसफखानाची बाग यांचा नियम एकच आहे. एकाने पाणी धान्यासाठी थोपविले, दुसऱ्याने डोळ्यांच्या सुखासाठी खेळविले. सहलीची सोय असेल तर छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की अवश्य दाखवावी. तेथेही दूरच्या उंच जागेवरचे पाणी नळांतून आणून, खांबावरून खाली सोडून, जाते फिरविण्याची योजना केलेली होती.

गणित : ५४८ मीटर लांब व ३३८ मीटर रुंद बागेचे क्षेत्रफळ काढावे. शाळेचे मैदान मोजून, अशी किती मैदाने त्या बागेत मावतील ते काढावे.

इतिहास : शहाजहान व आसफखान यांची वरील कथा सांगताना ‘असे सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. बाग आहे, तिचा काळ ठाऊक आहे, तिचा निर्माता ठाऊक आहे. हा इतिहास होय. तीनदा केलेली स्तुती व सेवकाचे धाडस ही दंतकथा होय. दोहोंतील भेद सातवीच्या मुलास सहज समजतो. काश्मीरमधील सहा मुघल बागा, त्यांत निशातही, सन २०१० मध्ये भारताच्या वतीने युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत घालण्यात आल्या, हेही सांगावे.

मराठी : ‘मला मदत करणारी अनोळखी व्यक्ती’ या विषयावर दहा ओळी लिहून घ्याव्या. मुलांनी अनोळखी माणसाबरोबर एकट्याने कोठेही जाऊ नये, त्याने दिलेला खाऊ खाऊ नये, ही सूचना त्याच तासात स्पष्टपणे द्यावी. सावधगिरी आणि कृतज्ञता यांत विरोध नाही. दोन्ही शिकविल्या पाहिजेत.

६. शिक्षकांसाठी दोन शब्द

वरील साहित्य कोणत्याही गावी मिळू शकते व त्यास फारसा खर्च येत नाही. प्रत्येक गावात गवंडी आहे, पाट काढणारा शेतकरी आहे, विहिरीवर पंप बसविणारा कारागीर आहे. त्यांपैकी पुष्कळजण आपल्याच शाळेतून, कधी आपल्याच वर्गातून, लवकर बाहेर पडलेले असतात. वर्षातून एखादा तास त्यांना बोलवावे. आपल्या बापाला किंवा काकाला फळ्यापुढे उभा राहिलेला पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो पाहण्यासारखा असतो.

आणि वर्गात एखादा प्रश्न असा आला की ज्याचे उत्तर आपणास येत नाही, तर ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू’ असे म्हणण्यात शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. निशात बागेतील त्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या अज्ञानाला हसून उत्तर दिले असते, तर मी त्या चिनाराखालून उठलोच नसतो.

स्वाध्याय (विद्यार्थ्यांसाठी)

१. कारंज्याचे पाणी ज्या पातळीवरून येते त्या पातळीपर्यंत पुन्हा का पोहोचत नाही?
२. चादरीवरील दगड गुळगुळीत न ठेवता त्यावर खवले का कोरले असावेत?
३. आपल्या गावात पाणी उंचावरून खाली आणण्याच्या कोणत्या योजना आहेत? त्यांपैकी एकीचे चित्र काढा.
४. गवंडी पाण्याच्या नळीने दोन भिंतींवर सारख्या उंचीच्या खुणा कशा करतो, ते त्यांना विचारून लिहा.
५. वर्गात विचारावासा वाटला पण विचारला नाही, असा एक प्रश्न लिहा. (या प्रश्नास गुण देऊ नयेत, वह्या शिक्षकांनी स्वत: वाचाव्या.)